व्यापारी पेढीसाठी ओढीची डिझेल गाडी

पेढीस स्वतःची मालगाडी असावी की नसावी, हा प्रश्न आता आपल्या व्यापारात फारसा उरलेला नाही. खेड्यातून माल उचलणे, गंजात आणणे, दालमिलला पोहोचविणे व वखारीत टाकणे ही कामे ज्यास नित्य करावयाची आहेत, त्यास गाडीवाचून गत्यंतर नाही. प्रश्न उरतो तो एवढाच की गाडी कोणती घ्यावी. त्यातही अलीकडे तरुण सभासद बंधू आम्हांस वारंवार विचारतात की, जड भार ओढील आणि प्रसंगी मागे एखादा ट्रेलरही नेईल अशी डिझेल पिकअप कोणती? आम्ही अभियंते नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून अडतीच्या गादीवर बसलेले धान्याचे घाऊक व्यापारी आहोत. राहणे बीदरच्या मैलूर भागात आणि दुकान गांधी गंजात. तथापि चाळीस वर्षे ज्याने गाडीभाड्याच्या पट्ट्या फेडल्या, त्यास गाडीविषयी चार गोष्टी कळू लागतात. त्या येथे मांडीत आहोत.

प्रथम आपला मुलूख ध्यानात घ्यावा, कारण गाडी ही मुलखासाठी घ्यावयाची असते. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे भाग मराठी मुलखाकडे गेले, जहीराबाद तेलुगू मुलखाकडे गेले, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. नकाशावर रेघा पडल्या, परंतु व्यापाराच्या वाटा त्याच राहिल्या. आजही आपल्या गंजातून मूग, उडीद, सोयाबीन उदगीर-लातूरकडे जाते. कलबुर्गीच्या नेहरू गंजातील दालमिलांशी तुरीचा व्यवहार चालतो. तिकडच्या तूरडाळीस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. लांबच्या मालास मोठे ट्रक आहेत. २०१७ पासून बीदर-कलबुर्गी थेट लोहमार्गही झाला आहे. तेव्हा पेढीच्या लहान गाडीचे काम उरते ते वीस-पंचवीस कोसांच्या आतले. हे काम दिसते किरकोळ, पण गाडीची खरी परीक्षा तेथेच होते.

कारण या पंचवीस कोसांत तीन प्रकारचे रस्ते लागतात. नांदेड-उदगीर-बीदर-हुमनाबाद-कलबुर्गी हा राष्ट्रीय महामार्ग ५० व हुमनाबाद-जहीराबादवरून हैदराबादेस जाणारा ६५ हे रुंद व डांबरी. बीदर वसले आहे लाल जांभ्याच्या पठारावर. त्याची कड उतरून मांजरेच्या खोऱ्यात जावयाचे म्हणजे उतार आणि भरल्या गाडीने परत यावयाचे म्हणजे चढ. खाली काळी माती. शेतकऱ्याच्या खळ्यापर्यंत जाणारी पाणंद मृगाचा एक पाऊस पडताच लोण्यासारखी होते. महामार्गावर कोणतीही गाडी चांगलीच धावते. विक्रेता आपणांस गाडी दाखवितो तीही बहुधा महामार्गावरच, आणि रिकामी.

लहान मालगाडीचा आपल्याकडील इतिहासही थोडा पाहण्याजोगा आहे. १९५४ मध्ये टाटांनी मर्सिडीझ-बेंझच्या सहकार्याने जमशेदपुरास डिझेल ट्रक काढले आणि हुंडेकऱ्यांचे दिवस पालटले. पण ते मोठे ट्रक होते. गंजातील बोळांत बैलगाडीच चाले. १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली, तेव्हा लहान पेढीस परवडेल असा पहिला मजबूत ट्रक बाजारात आला असे आम्ही समजतो. आपल्या दाराशी जहीराबाद येथेही त्याच दशकात हैदराबाद आल्विन कंपनीने जपानच्या निसानबरोबर हलक्या ट्रकांचा कारखाना घातला होता. पुढे तो महिंद्रांकडे गेला. बीदरहून तासाभराच्या अंतरावर गाड्यांचा कारखाना असणे ही काही लहान गोष्ट नव्हे. त्या परिसरात तयार झालेले कारागीर पुढे आपल्याकडे गॅरेज घालून बसले. गाडी निवडताना हा मुद्दा विसरू नये. ज्या गाडीचा क्लच आणि पाटे आपल्या गावात मिळतात, ती गाडी कागदावर उणी असली तरी हंगामात सरस ठरते. तुरीची आवक जोरात असताना आठ दिवस सुट्या भागाची वाट पाहणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको.

आता ओढीविषयी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल व्हावी, आणि त्या हवेत तेलाचा फवारा सोडला की ते आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये असे इंजिन चालवून दाखविले. आपल्या खेड्यांतील पिठाच्या गिरण्या व विहिरीवरचे पंप किर्लोस्करांच्या ज्या इंजिनांवर वर्षानुवर्षे चालले, त्यांचे तत्त्व हेच. या इंजिनाचा गुण असा की ते कमी फेऱ्यांतही भरपूर पीळ देते. पिळास इंग्रजी जाणणारे टॉर्क म्हणतात. अश्वशक्ती व पीळ यांत आपले लोक नेहमी घोटाळा करतात. भरले जाते जागेवरून ज्या जोराने फिरते तो पीळ, आणि एका तासात किती पीठ पडते ती अश्वशक्ती, असे आम्ही आमच्या समजुतीपुरते धरले आहे. मालाच्या गाडीस पहिली गोष्ट हवी. आमचा पुतण्या गाडी घेण्याच्या वेळी म्हणाला, “काका, ओढीचं काम आहे, तर जास्त अश्वशक्तीचीच घेऊ या.” आम्ही म्हटले, “अरे, किती अश्वशक्ती ते राहू दे. पूर्ण पीळ किती फेऱ्यांवर मिळतो ते आधी वाच.”

हा आकडा माहितीपत्रकात छापलेला असतो. महिंद्रा बोलेरो पिकअपच्या अडीच लिटरच्या इंजिनाचा पीळ २०० न्यूटन-मीटरच्या घरात आहे. टाटा योद्धाच्या सव्वादोन लिटरच्या आसपासच्या इंजिनाचा २५०. दोन्ही गाड्यांत तो कमी फेऱ्यांवर मिळतो हे महत्त्वाचे. अडीच हजार फेऱ्यांनंतर जिला जोर येतो, ती गाडी चढावर मध्येच गिअर बदलताना दम सोडते आणि क्लच जाळते.

परंतु केवळ इंजिनाने चाक फिरत नाही. मध्ये गिअर आहेत व मागे क्राऊन-पिनियन आहे. समजा इंजिनाचा पीळ २००, पहिला गिअर चारपट आणि मागचे दाते पाचपट. चाकाशी पीळ झाला वीसपट, म्हणजे ४००० न्यूटन-मीटर. चाकाची त्रिज्या सुमारे ३५ सेंटिमीटर धरली तर ही गाडी जमिनीवर साधारण ११०० किलोची ओढ देईल. घर्षणाची वजावट केली तरी हजार उरते. आता खर्चाची बाजू पाहा. गाडी व माल मिळून साडेतीन टन वजन, आणि चढ पंधरास एक. चढासाठी २३३ किलो, डांबरी रस्त्यावर चाके लोळविण्यास ५० किलो, एकूण तीनशेच्या आत. म्हणजे कडेचा चढ गाडी सहज चढते. काळ्या मातीचा हिशेब निराळा आहे. ओल्या रुतणाऱ्या मातीत चाक लोळविण्यासच भाराच्या दशांशाहून अधिक ओढ लागते, म्हणजे सपाट पाणंदीतही साडेतीनशे किलोंच्या पुढे. घाटापेक्षा पाणंद अवघड असते, हे गाडीवान पूर्वीपासून सांगत आलेच आहेत. हिशेबानेही ते खरे ठरते.

आणि तेथे ओढ असून भागत नाही, पकड लागते. इंजिन हजार किलोंची ओढ देईल, पण चिखलात मागची दोन चाके तेवढा जोर जमिनीवर टेकवू शकत नाहीत. ती जागच्या जागी फिरतात. रिकामी पिकअप चिखलात अधिक फसते ती यामुळेच, कारण मागे वजन नसते. म्हणून पाणंदीत जाण्याचे काम ज्यांस अधिक, त्यांनी इंजिनाचा मोठा आकडा शोधण्यापेक्षा खोल नक्षीचे टायर व चारही चाकांना ओढ देणारी यंत्रणा यांचा विचार करावा. ती परवडत नसेल तर माल खळ्यापासून सडकेपर्यंत ट्रॅक्टरने आणावा. ट्रॅक्टरचे मोठे चाक व मंद गती त्या कामासाठीच घडविलेली आहे. ऊस कारखान्यापर्यंत नेण्यास आपल्या भागात ट्रॅक्टरच का जुंपतात, याचे उत्तर यात आहे.

येथे ट्रेलरचा प्रश्न येतो. आपल्यापैकी काहीजणांकडे चाकांवरची धान्य-चाळणी आहे किंवा जनित्र आहे. हंगामात ते गावोगाव न्यावयाचे असते. पिकअपच्या मागे हूक जोडून ते ओढावे, ही कल्पना कोणासही सुचण्यासारखी आहे. परदेशांत हे राजरोस चालतेही. ऑस्ट्रेलियात टोयोटा हायलक्ससारख्या पिकअपमागे साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर नेण्यास परवानगी असते. पण त्याची दुसरी बाजू आपल्याकडे कोणी सांगत नाही. तेथे ७५० किलोंवरील ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत आणि दोन टनांवरील ट्रेलरच्या सर्व चाकांना ब्रेक लागतात. गाडीच्या निर्मात्याने ओढीची मर्यादा छापून दिलेली असते आणि हूक त्याच मापाचा असतो. हायलक्स २०२२ पासून आपल्या देशातही मिळते. पीळ दांडगा आहे, चारशे न्यूटन-मीटरच्या वर. पण किंमत तीस लाखांच्या आसपास. धान्याच्या कट्ट्यांसाठी ती गाडी घेणे म्हणजे लग्नाच्या घोड्यास नांगराला जुंपणे होय.

आपल्याकडील मालवाहू पिकअपच्या माहितीपत्रकात भार किती घालावा हे लिहिलेले असते. मागे किती ओढावे हे बहुधा नसते. जे लिहिलेले नाही ते चालते असे समजू नये. गॅरेजात वेल्डिंग करून बसविलेला हूक हा नोंदणीकृत गाडीतील फेरबदल ठरू शकतो, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये असा फेरबदल परवानगीशिवाय करता येत नाही. ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन असून त्याची नोंदणी व विमा वेगळा. हे कागद नसताना काही विपरीत घडले, तर विमा कंपनी प्रथम तेच विचारील.

विपरीत घडतेच. आमच्या माहितीतील एका व्यापारी बंधूच्या गाडीमागे अशीच एक चाळणी जोडलेली होती. पावसाळ्यात पठाराची कड उतरताना चालकाने वळणावर ब्रेक लावला. गाडी मंदावली, पण मागच्या यंत्रास ब्रेक नव्हते. त्याने गाडीस मागून ढकलून आडवे केले आणि दोन्ही रस्त्याच्या कडेच्या चरात गेली. चालकाचा हात मोडला. चार महिने तो घरी बसला आणि त्याच्या दोन मुलींचे शिक्षण त्या वर्षी कसे चालले हे आम्हांस ठाऊक आहे. सुदैव इतकेच की, त्या दिवशी हौद्यात हमाल बसलेले नव्हते.

ती गाडी ज्या उस्तादांनी दुरुस्त केली, त्यांनी आपल्या दखनी बोलीत आम्हांस सांगितले, “सेठ, खींचने कू इंजन होना, रोकने कू बिरेक होना. लोगां इंजनच पूछते.” याचा हिशेब सोपा आहे. साडेतीन टनांच्या गाडीमागे दीड टनाचा बिनब्रेकचा ट्रेलर जोडला की पाच टन झाले. तेवढ्याच ब्रेकवर जवळजवळ दीडपट काम आले. त्यात वेग ताशी चाळीसाऐवजी साठ असेल तर ते काम वेगाच्या वर्गाने, म्हणजे आणखी सव्वादोन पट वाढते. दोन्ही मिळून तिपटीहून अधिक. तापलेला ब्रेक उताराच्या शेवटी धरत नाही. म्हणून जड गाडी ज्या गिअरमध्ये चढ चढते, त्याच गिअरमध्ये उतरवावी, हा जुन्या चालकांचा नियम प्रत्येक मालकाने आपल्या चालकास सांगावा. आणि डिझेल वाचते म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये उतरविणाऱ्या चालकास त्याच दिवशी समज द्यावी.

ट्रेलरइतकाच, किंबहुना अधिक मोठा धोका जादा भाराचा आहे, कारण ट्रेलर थोड्यांकडे आहेत आणि जादा भार सर्वांकडे. १७०० किलो वाहणाऱ्या पिकअपमध्ये पन्नास किलोचे ३४ कट्टे बसतात. आपण किती घालतो हे आपापल्या मनाशी मोजावे. साठ कट्टे घातले तर १३०० किलो जादा झाले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या १९४ व्या कलमात जादा भारास २०,००० रुपये दंड आणि शिवाय प्रत्येक जादा टनास २,००० रुपये अशी तरतूद आहे. जादा माल तेथेच उतरवावा लागतो तो वेगळा. एका फेरीचे भाडे वाचविण्यासाठी आपण कशाशी खेळतो हे यावरून दिसेल. पण दंडाचे सोडा. पाटे सरळ होतात, मागचा टायर उन्हाळ्यात फुटतो, पुढची चाके हलकी होऊन सुकाणू ऐकेनासे होते. काही मालक एक जादा पाटा घालून भार वाढवितात. पाट्याने गाडी खाली बसत नाही हे खरे. ब्रेक मात्र होते तेवढेच राहतात.

तेव्हा निवड करण्यापूर्वी आपल्या वहीतील गेल्या वर्षाच्या फेऱ्या मोजाव्यात, असे आम्ही सुचवितो. गाडी सर्वांत जड दिवसासाठी घ्यावयाची नसून नेहमीच्या दिवसासाठी घ्यावयाची असते. आमच्या वहीत बहुतेक फेऱ्या तीस ते पस्तीस कट्ट्यांच्या निघाल्या. पन्नासच्या वरच्या फेऱ्या हंगामाच्या सहा आठवड्यांतच होत्या. त्यामुळे पावणेदोन टनांच्या आतली पिकअप पेढीची, आणि त्या सहा आठवड्यांसाठी मागे जोडचाके असलेला लहान ट्रक भाड्याने, असा मेळ आम्ही घातला. ज्यांच्या रोजच्या फेऱ्याच दोन टनांच्या आहेत, त्यांनी तितका भार अधिकृतपणे वाहणारी गाडी घ्यावी. योद्धाचा दोन टनी प्रकार २०२२ मध्ये आला आहे. अडीच-तीन टन रोज असेल, तर पिकअपचा नाद सोडून सरळ ४०७ च्या जातीचा ट्रक पाहावा. गंजातील अरुंद बोळात त्याला वळविण्यास त्रास पडतो, पण तो सोसावा. अशोक लेलँडच्या दोस्त व बडा दोस्त या गाड्या शहरातील वाटपास चांगल्या आहेत. पाणंदीसाठी घेण्यापूर्वी गाडीचे पोट जमिनीपासून किती उंच आहे ते वाकून पाहावे.

चालकाच्या परवान्याविषयी एक शंका बरीच वर्षे होती, ती आता मिटली आहे. साडेसात टनांपर्यंतच्या एकूण वजनाची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. परंतु परवाना असणे आणि भरली गाडी उतरविता येणे या दोन गोष्टी आहेत.

एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांस भारत सहा हे धुराचे मानक लागू झाले आणि डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी धरणारी गाळणी आली. ही गाळणी स्वतःच तापून काजळी जाळते, पण त्यासाठी इंजिन काही वेळ एकसारखे चालावे लागते. गंज ते वखार अशा दोन-तीन मैलांच्या फेऱ्याच जी गाडी मारते, तिची गाळणी तुंबते व दिवा लागतो. आठवड्यातून एकदा तरी तिला हुमनाबादेपर्यंतची फेरी द्यावी. काही गाड्यांत युरियाचे द्रावण घालावे लागते. ते संपले तर गाडी चालू होण्यास नकार देते, हेही चालकास आधी सांगून ठेवावे. ज्यांचे सर्व काम गावातल्या गावात आहे, त्यांनी डिझेल घ्यावेच का, याचा एकदा विचार करावा.

शेवटी परीक्षेविषयी. रिकाम्या गाडीत बसून पाहणे म्हणजे रिकाम्या काट्यावर तोल पाहणे. विक्रेत्यास स्पष्ट सांगावे की आमचे चौतीस कट्टे घालून गाडी पाहावयाची आहे. पुष्कळ विक्रेते प्रथम का-कू करतात, पण घेणारा गंभीर आहे असे दिसताच मान्य करतात. गाडी वजनकाट्यावर नेऊन पावती घ्यावी. मग कडेच्या चढावर मध्येच थांबवून पुन्हा उचलावी. क्लचचा वास आला तर समजावे. त्याच वाटेने दुसऱ्या गिअरमध्ये उतरून खाली चाकांच्या तबकड्यांजवळ हात धरावा, न लावता. आमच्या पुतण्याने दोन गाड्या अशा पाहिल्या. कागदावर जोरदार असलेली एक चढावर दोनदा बंद पडली, आणि दुसरी, जी त्याने आधी नापसंत केली होती, ती हळू पण न थांबता वर आली. तिचीच ऑर्डर दिली. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी नोंदणीपत्रातील रिकामे वजन व एकूण वजन वाचून त्यांतील फरक चालकाच्या बाजूच्या दारावर आतून ठळक रंगविला, किलोत आणि कट्ट्यांतही, म्हणजे हमालांचा मुकादमही तो वाचू शकेल.